माळवदाच्या इटा

संकरात होऊन आठ-पंधरा दिस झाले, ऊन पाठीला चावायला लागलं, की माझे तळपाय खाजायला लागतेत. चिखुल मागतेत. खोटं न्हाई सांगत. ह्या दिवसांत भांडी घासता घासता मोरीपशी वली माती दिसली की म्या तिच्यावर पाय ठिवते आन टाचंनं दाबून बघते, आन माझी गौरी म्हणती, आई तू काय करूलालीस, आन म्या म्हणते काई न्हाई, तू पाटी काढ.

आमचं गाव आता गाव ऱ्हायलं न्हाई. लातूर सरकत सरकत आलं आन आमच्या वेशीला येऊन टेकलं. जिथं हायब्रीड ज्वारी डुलायची तिथं क्लासचे बोर्ड उभे हायेत, बोर्डावर पोरापोरींचे फोटू, फोटूखाली मार्क. घराघरात एक खोली पोरींना दिलेली. ह्या दिवसांत सकाळपासून सगळ्या खिडक्यांतून पाठ करायचा आवाज येतो, मधमाशांचं पोळं घोंगावल्यावानी. आन त्याच वक्ताला रेणापूरच्या रस्त्याकडून वीटभट्टीचा धूर येतो, गोड-कडू, तुराटी जळल्याचा. पोरी म्हणतेत, काकू खिडकी लावा, धूर येऊलालाय. म्या लावत न्हाई. म्या तो धूर नाकात भरून घेते, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटंल ही बाई येडी हाय.

आमच्या खोलीत अश्विनी ऱ्हाती, बिलोलीकडची, बारावीला हाय. लई हुशार आन लई भित्री. माझ्यावानी. मागल्या आठवड्यात पुस्तक बाजूला ठिवून भिंतीवर बोट फिरवत बसली व्हती. खोलीला आतून गिलावा न्हाई, इटा उघड्या हायेत, आन दर इटंच्या कडंला एक ल्हानशी चांदणी हाय, पाच टोकांची, उठावाची.

"काकू, ही कोणत्या कंपनीची ईट हाय? चांदणी छाप मी कुठं बघितली न्हाई."

"आमच्या घरची हाय," म्या म्हणले.

"म्हणजे?"

"म्हणजे म्या केली. चिखुल तुडवून."

ती हसली. तिला वाटलं काकू मजाक करूलाली. मग माझे पाय बघितले तिनं, टाचंच्या भेगा बघितल्या, आन हसायची थांबली.

मला भ्याव लई हाय, ते आधी सांगते. रस्त्यानं उसाचा ट्रक गेला आन फळीवरचा पेला वाजला की मला घाम फुटतो. शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली की म्या लेकराकडं बघते. माझं माहेर औशाच्या पलीकडं. भूकंप झाला तवा म्या सातवीत व्हते. दगडाच्या भिंती, वर माळवद, म्हंजी मातीचं छत, सगळ्यांची तशीच घरं. आमच्यावर माळवद आलं. म्या एका तुळईच्या पोकळीत ऱ्हायले, तोंडात माती गच्च, वराडता येत नव्हतं. माझा धाकटा भाऊ पाळण्यात व्हता. चार महिन्यांचा. एवढंच सांगते, पुढलं मला सांगता येत न्हाई. शाळा पुढं पत्र्याच्या शेडात भरली, पण आईजवळ कोण बसंल, म्हणून माझं शिक्षण तिथंच ऱ्हायलं.

लगीन होऊन ह्या घरात आले तवा नवरीनं नवऱ्याकडं बघावं, देवाकडं बघावं, म्या वर बघत व्हते. दगडाच्या भिंती दोन हात रुंद, आन वर माळवद. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर तुराट्यांचा थर, आन त्याच्यावर पांढरी माती. किती, तर माणूस कंबरंएवढा पुरंल इतकी. माझी सासू, त्यांना म्या आत्याबाई म्हणते, त्या म्हणल्या, "बघूलालीस का? उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तीन पिढ्यांचं हाय." त्यांना वाटलं सुनंला घर आवडलं.

आता ह्यातली खरी गोम अशी, की माळवद एकदा करून भागत न्हाई. दर साली मिरगाच्या आधी त्याच्यावर पांढरीचा नवा थर टाकावा लागतो, म्हंजी पाऊस गळत न्हाई. टाकायचा तेवढा टाकतेत, काढायचा कोणीच न्हाई. आजा टाकून गेला, बाप टाकून गेला, ल्योक टाकतो. लग्नाच्या पैल्या उन्हाळ्यात म्या बी टोपली डोक्यावर घेऊन शिडी चढले. वर जाऊन टोपली वतली की मनात यायचं, ही आपल्याच डोक्यावर वतूलालोत. दर साली थोडी थोडी. आन मग त्याच्याखाली जाऊन निजूलालोत.

पण नवी सून काय बोलंल.

गौरी झाली दिवाळीच्या सुमाराला. बाळंतपण करून माहेराहून आले आन पाळणा आत बांधायची येळ आली. म्या पाळणा आंगणात बांधला, लिंबाच्या खाली, वर दोन पत्रे टाकून, बाजूला पोत्यांचा आडोसा. ह्यांना म्हणले, म्या आत येणार न्हाई, लेकरू बी येणार न्हाई. हे दालमिलला जातेत कामाला, माणूस गरीब, ते एकदा माझ्याकडं बघायचे आन एकदा आईकडं.

आत्याबाईचा आवाज लई मोठा. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणल्या, "लोकाच्या लेकी घर मागतेत, हिला आंगण पायजे. भूकंप तिकडं झाला, इकडं एक खापर बी पडलं न्हाई."

"पडलं न्हाई म्हणून पडणार न्हाई का?" म्या म्हणले. माझा आवाज मलाच ऐकू आला न्हाई इतका ल्हान.

थंडीत लेकराला खोकला लागला. मग त्या आल्या आन पाळण्यापशी उभ्या ऱ्हाऊन म्हणल्या, ह्या खेपंला हळू म्हणल्या, "हे बघ. मिरगापातूर काय थेरं करायचे ते कर. मिरुग निघाला की लेकरू आत. म्या उचलून नेणार. मग तू पावसात बस न्हाई तर माहेरी जा."

ते खरं व्हतं. पावसात तान्हं लेकरू आंगणात कसं ठिवायचं. संकरात ते मिरुग, एवढेच दिस माझ्या हातात व्हते, आन हातात दुसरं काईच नव्हतं.

त्या साली माळवद लई गळालं व्हतं, म्हणून आत्याबाईनं ह्यांना सांगितलं, औंदा थर जाड टाका. म्या फावडं घेऊन वर गेले. वरून सगळं गाव दिसतं, तळं दिसतं, तवा नवे नवे क्लास निघूलालते त्यांची पत्र्याची छतं चमकताना दिसायची. म्या फावडं मारलं. काय माझ्या मनात आलं काय माहीत, म्या माती पसरायच्या ऐवजी टोपली भरली आन शिडीवरून खाली आणली. खाली वतली. परत वर गेले. परत खाली. तीन टोपल्या झाल्यावर आत्याबाई भायेर आल्या.

"का करूलालीस गं?"

"उतरवूलाले."

"काय उतरवूलालीस?"

"डोक्यावरचं," म्या म्हणले. "म्या ह्याच्या इटा करणार हाय. इटंची भिंत करणार, वर पत्रा. हलकं."

 आत्याबाई शेजारणीकडं बघून म्हणल्या, "ऐकलंस का. घर उतरवून घर बांधणारी सून मिळाली मला." आन आत जाऊन माळवदाखाली बाज टाकून बसल्या, म्हणल्या, आता काढ काय काढायचं ते, म्या हितून उठणार न्हाई. खरं सांगते, म्या काढत गेले तसं त्यांच्याच डोक्यावरचं वझं कमी झालं, पण ते त्यांना सांगायची कोणाची हिंमत.

ह्यांनी साचा करून दिला. एका क्लासवाल्यानं जुने बाक मोडून उकिरड्यावर टाकले व्हते, त्यातली एक फळी हे घेऊन आले. चार तुकडे केले, खिळे मारले, झाला साचा. फळीच्या आतल्या अंगाला कुण्या पोरानं कंपासनं कोरून चांदणी काढली व्हती, सरांचं लक्ष नसताना. तासून काढायला गेले हे, म्या म्हणले ऱ्हाऊ द्या. त्या पोराचं वर्गात ध्यान नव्हतं म्हणून माझ्या इटंला चांदणी मिळाली.

सकाळी लेकराला पाजायचं, पाळण्यात टाकायचं, आन चिखलात उतरायचं. पांढरी माती, त्यात तळ्यातली चिकण माती, हे ऐतवारी बैलगाडी मागून आणायचे ती, त्यात चुलीची राख आन ज्वारीचं भुसकट, आन पाणी. आदल्या दिवशी भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी तुडवायची. सुरवातीला माती पाय धरती. सोडत न्हाई. गुडघ्यातनं कळ निघती. मग एक येळ अशी येती, की माती कणकीवानी मऊ पडती आन बोटांच्या मधून गार गार वर येती, आन तवा समजायचं झाली. साचा पाण्यात बुडवायचा, वाळू भुरभुरायची, गोळा आपटायचा, हातानं सपाट करायचा, साचा वर वढायचा. खाली ईट. वली, चकचकीत, कडंला चांदणी. पैली ईट निघाली तवा म्या तिच्याकडं बघत बसले. आंबट झालं तोंड, रडू येऊलालं का हसू ते कळंना.

मला मातीची चव ठाऊक व्हती. एकदा त्या तुळईखाली तोंडात गेलेली. आन दुसऱ्यांदा गौरीच्या टायमाला, पोटुशी असताना मातीच खावी वाटायची, तवा लपून लपून ह्याच घराच्या भिंतीचे पोपडे खाल्लेले. पण चव ठाऊक असली म्हणून माती कळती असं न्हाई. ते पुढं कळलं.

शिवरात्रीच्या आधी पैल्या इटा वाळल्या. म्या ल्हानशी भट्टी लावली, आंगणाच्या कोपऱ्यात, कोणाला न विचारता. इटा अंतरा अंतरानं रचल्या, मधी तुराट्या, पऱ्हाट्या, गवऱ्या, भायेरून चिखलानं लिपलं. तीन दिस धूर निघाला. गार झाली, उघडली, तर आतून लाल. गावातले लोक बघायला आले. दारातल्या बाया हात लावून बघायल्या. आत्याबाई बी भायेर आल्या, एक ईट पायानं उलटी केली, पायानं का व्हईना, उलटी केली म्हंजी बघितली तर. मला वाटलं जितले म्या.

मिस्त्री म्हणतेत, बांधायच्या आधी ईट पाण्यात भिजवावी. म्हणून म्या शंभरेक इटा पाण्यात घालून काढल्या आन पाळण्याच्या मागं रचून ठिवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकराला पाजत बसले व्हते. आन आवाज आला. टिच्च. मग टिच्च टिच्च. मग मातीचं काईतरी ढासळल्यावानी.

म्या लेकरू छातीला धरलं आन पळाले. अनवाणी, डोक्यावर पदर न्हाई, गल्लीच्या मधोमध, आन माझ्या तोंडातून आवाज निघाला, जो तुळईखाली निघाला नव्हता तो. "पळा, भायेर निघा, भूकंप." आख्खी गल्ली भायेर आली. कोणाच्या हातात भाकरीचं पीठ, कोणाच्या तोंडाला साबण. म्हातारी माणसं धरून आणली. सगळे उभे ऱ्हायले, भुईकडं बघत. भुई गप्प. लिंबाचं पान हालत नव्हतं.

आन मग आमच्या आंगणातून परत आला. टिच्च.

सगळे आंगणात गेले. इटांच्या अंगावर पांढरे पांढरे डोळे उघडले व्हते आन दर डोळ्याभोवती ईट फुटलेली. हात लावला तर चुरा. लोक हसले. कोणी हसले, कोणी शिव्या दिल्या. साबणवाला म्हणला, "वैनी, पुढल्या भूकंपाला आधी सांगा, आंघूळ उरकून घेतो." म्या तिथंच खाली बसले. लेकरू रडत व्हतं, माझ्याच्यानं गप केलं जाईना.

गर्दी पांगली तशी एक बाई तेवढी ऱ्हायली. बिस्मिल्लाबी, पलीकडल्या गल्लीतली, मिस्त्रीची बायकू, जवानीत नवराबायकूनं रेणापूरच्या भट्ट्यांवर इटा पाडल्या व्हत्या. तिनं इटंचा एक पांढरा खडा उचलला आन दातात धरून कुडूम करून चावला. थुंकली.

"चुनखडी," म्हणली. "बेटी, तू इटा न्हाई केल्या. लाह्या केल्या."

मग तिनं सांगितलं. माळवदाला चुनखडीची पांढरी चांगली, घट्ट बसती, म्हणून ह्या गावात पिढ्यान् पिढ्या लोक मुद्दाम खड्याची माती हुडकून आणतेत. पण तोच खडा भट्टीत भाजला की चुना होतो, आन चुन्याला पाणी लागलं की तो फुगतो आन ईट फोडतो. जे छताला चांगलं ते इटंला वैरी. आम्हाला कसं कळावं. आम्ही तर खडे बघून खूश व्हायचो.

"आता?" म्या विचारलं.

"आता चाळायची. सारी. आन पैले चावून बघायची. हे असं." तिनं चिमूटभर माती माझ्या पुढं धरली. "दातात कच्च वाजलं तर परत चाळ. लोण्यावानी गेली तर पाड ईट. शरमाती कशाला, पेटमंदी पोरगी व्हती तवा तर चोरून खाल्ली असंल ना?"

म्या खाली बघितलं. ती हसली, तिच्या तंबाखूच्या काळ्या दातांनी, आन म्या बी हसले, नाकातून पाणी येऊलालं व्हतं तरी.

त्या दिवशी म्या सगळी पैली खेप कोपऱ्यात ढकलली आन दाळीची चाळण घेऊन बसले. शिवरात्र गेली, शिमगा जवळ आला, ऊन वाढलं. वाळली माती फोडायची, चाळायची, खडा निवडायचा. एकटीच्यानं काय उरकतंय. दोपारी म्या चाळत व्हते आन आत्याबाई उंबऱ्यात बसून बघत व्हत्या. बघून बघून त्यांना सोसंना.

"तुझ्या आईनं तुला तांदूळ निवडायला शिकवलं न्हाई का गं?"

"शिकवलं."

"मग हे काय? निम्मे खडे तसेच. आण इकडं."

आन त्यांनी सूप घेतलं. माती सुपात पाखडायला म्या त्यांच्याकडून शिकले. खडा कडंला येतो, माती मागं ऱ्हाती, एक झटका, खडा भायेर. त्यांची बोटं म्हातारी, पण काय सांगू, दाणे टिपल्यावानी चालायची. "तुझ्यासाठी न्हाई करूलाले," म्हणल्या. "माझ्याच्यानं वाईट काम बघवत न्हाई."

मग रोज बसल्या. म्या वरून टोपली आणायचे, त्या पाखडायच्या. आन माती बोलायला लागली त्यांच्याशी. माळवदाचे थर असतेत, कांद्याच्या पापुद्र्यावानी, एका साली एक. त्या चिमटीत धरून सांगायच्या. "हा राखेचा थर, मोठ्या दुष्काळाच्या सालचा. पाऊसच न्हाई तर माती कशाला टाकायची, पण तुझ्या मामंजीनं टाकली, म्हणले सवय मोडायची न्हाई." "हा काळपट, त्या साली पांढरी मिळाली न्हाई, वढ्याची आणली." कवा चिंचोका निघायचा, कवा कवडी. एक दिवशी त्यांचं सूप थांबलं. बोटात हिरव्या बांगडीचा तुकडा.

"ही माझी," त्या म्हणल्या. "लगीन होऊन आले त्या सालची. शिडी चढायला भ्यायचे म्या. वर गेले आन पाय घसरला, बांगडी फुटली. सासू लई बोलली. कोणाला सांगितलं न्हाई पण म्या, त्या दिवसापासून दर उन्हाळ्याला वर जायला भ्याले."

म्या त्यांच्याकडं बघितलं. दोन वर्सं एका घरात ऱ्हाऊन मला वाटत व्हतं भ्याव माझं एकटीचंच हाय.

"ह्या थराच्या इटा येगळ्या ठिव," त्या म्हणल्या. "उंबऱ्याला लावू." आन तुकडा कनवटीला खवसला.

पाडव्यापातूर आंगणभर इटा झाल्या. पालथ्या, उभ्या, वाळत घातलेल्या, ओळीनं, शाळेतल्या पोरावानी. ऊन मोप व्हतं. लेकराला सावलीला ठिवून म्या दर इटंला एकदा कूस बदलायला लावायचे, म्हंजी दोन्ही अंगानं वाळती. चालताना पाय ठिवायला जागा नसायची. एक दिस वळवाचं आभाळ आलं तवा गल्लीतले तेच लोक, हसलेले, पोती आन ताडपत्र्या घेऊन पळत आले. साबणवाला सगळ्यात म्होरं. पाऊस चार थेंब पडून गेला, पण ते आले व्हते.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी मोठी भट्टी पेटवली. रचाई बिस्मिल्लाबीनं केली, मिस्त्रीला बाजूला बसवून. "ये मरद लोग भट्टी को हाथ लगाए तो खंगर निकलता," म्हणली, खंगर म्हंजी जास्त भाजून काळी, वाकडी झालेली ईट. मिस्त्री गप बिडी वढत बसला. पेटवायची कोणी, तर आत्याबाईनी. त्यांनी नारळ फोडला, कापूर लावला आन पेटती चूड आत सारली. आठ दिस धूर. पैल्यांदा पांढरा, मग पिवळा, मग निळा आन बारीक. म्या रोज माथा बघायचे, भट्टीचा माथा आतून खचला की समजायचं इटा पिकल्या.

उघडली. लाल. पण लाल मागल्या टायमाला बी व्हती.

ह्यांनी पिपात पाणी भरलं. म्या इटा बुडवल्या. सुं करून पाणी पिल्या, बुडबुडे आले. काढून ओळीनं मांडल्या. आन मग बसलो आम्ही. त्या सकाळी हे कामाला गेले न्हाईत. आत्याबाई बाजंवर, बिस्मिल्लाबी उकिडवी, गल्लीतली अर्धी माणसं दारात, कोणी बोलंना. पिठाची गिरणी बंद पडल्यावर कसं कान मोकळे होतेत, तसं. म्या गौरीला मांडीवर घेतलं व्हतं आन ऐकत व्हते. माझ्या आयुष्यात म्या भुईचा आवाज इतका ऐकला न्हाई.

काई वाजलं न्हाई.

ऊन डोक्यावर आलं. काईच वाजलं न्हाई. आत्याबाई उठल्या, दोन इटा घेतल्या, एकीवर एक ठोकली. खण्ण. तांब्याच्या घागरीवानी. परत ठोकली. परत. मला वाटतं त्यांना थांबावंच वाटंना.

साबणवाला म्हणला, "वैनी, आता काय भूकंप नको ह्या गल्लीला."

मिस्त्रीनं आंगणातच भिंती उभ्या केल्या. दाराच्या वरच्या अंगानं चौफेर सळईचा पट्टा घातला, म्हणला, आता चारी भिंती एकमेकीचा हात धरून हायेत. वर पत्रा. उंबऱ्याला त्या बांगडीच्या सालच्या इटा. मिरुग निघायला दोन दिस व्हते आन आभाळ काळंभोर. आत्याबाई आंगणात आल्या, पाळण्याची दोरी सोडली, लेकरू पाळण्यासगट उचललं.

"म्हणले व्हते का न्हाई," त्या म्हणल्या, "मिरगाला म्या उचलून नेणार."

आन उंबरा वलांडून नव्या खोलीत गेल्या. म्या मागं. पत्र्यावर पैला सडा वाजला तवा आम्ही तिघी आत व्हतो, आन वर बघायला डोक्यावर काई नव्हतं. पत्रा, आन पावसाचा आवाज.

पण खरं सांगते, भ्याव गेलं न्हाई. खोली झाली, माळवद सगळं उतरलं, पुढं त्याच इटांची शेजारी पोरींना खोली झाली, जुन्या घरात आता पोरींच्या सायकली ऱ्हातेत, तरी म्या कायम दाराकडच्या अंगाला निजायचे. ट्रक गेला की उठून बसायचे. सहा-सात वर्सं. आंगणातला लिंब बघून ठिवायचे, कुठून कसं पळायचं ते.

परवा दोपारी गौरीची येणी घालत बसले व्हते. भिंतीला पाठ लावून. अश्विनी आन तिच्या मैत्रिणी पाठांतर करूलालत्या. आन भुईतून आवाज आला. आमच्याकडं असा येतो मधून मधून, खाली कोणी पोतं आपटल्यावानी, धड्डम, आन पत्रा थरथरला, फळीवरचा पेला वाजला. पोरी पुस्तकं टाकून पळाल्या. गल्ली पळाली. गिरणीवाला पळाला. भायेर गलका, चपला, दारं.

"काकू, भायेर या," अश्विनी वराडली. तिचा आवाज फाटला व्हता, मला तो आवाज ओळखू आला. "गौरीला घेऊन या."

पाठीला भिंत लागत व्हती. चांदण्या टोचत व्हत्या बारीक, पाठीच्या मणक्यापशी. म्या वाट बघितली, माझे पाय कवा उठतेत म्हणून. पाय उठले न्हाईत. हातात गौरीच्या येणीचे दोन पेड व्हते, तिसरा सुटला व्हता. म्या तो उचलला.

"आई, पळायचं का?" गौरीनं विचारलं.

"हालू नकोस," म्या म्हणले. "वाकडी येईल."

येणी घालून झाली. रिबीन बांधली, फूल केलं. मग उठले आन आत्याबाईच्या उंबऱ्यावर येऊन उभी ऱ्हायले. आख्खी गल्ली भुईकडं बघत उन्हात उभी, पोरी एकमेकीला धरून. अश्विनीच्या पायात चप्पल नव्हती, भाजत असंल, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊलालती.

"या गं आत," म्या म्हणले. "ऊन लागंल."